शंभर टक्के निकाल

एखाद्या शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागला की आपण शिक्षक मंडळी हळूच विचारतो, "परीक्षेला बसवले किती?" कच्च्या मुलांना १७ नंबरचा फॉर्म भरायला लावून निकाल कसा वर चढतो, हे आम्ही सांगायला नको. अंश वाढवणे कष्टाचे, छेद कमी करणे सोपे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या मनोरुग्णालयांनी अगदी हेच केले.

हार्टफर्डच्या रुग्णालयात एका वर्षी नुकतेच आजारी पडलेले २३ रुग्ण आले आणि त्यांतले २१ बरे झाले. म्हणजे ९१.३ टक्के! बेसिल हॉल या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १८२९ च्या आपल्या प्रवासवर्णनात हा आकडा दिला आणि तो गाजला. दशांश चिन्हापुढचा तीन पाहून माणूस दबतो. छेद अवघा २३ आहे याकडे लक्ष जात नाही. मग चढाओढ लागली. ओहायोच्या डॉ. विल्यम ऑल यांनी १८४० च्या दशकात ताज्या रुग्णांचा निकाल थेट शंभर टक्के दाखवला. लोक त्यांना गमतीने 'डॉ. क्युअर-ऑल' म्हणू लागले. अर्थात या आकड्यांमुळेच सरकारांनी रुग्णालयांसाठी पैसा सोडला, हेही खरे.

मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टन रुग्णालयाचे प्रमुख प्लिनी अर्ल यांनी १८७० च्या दशकात हे जुने अहवाल तपासले. अहवालांत माणसे मोजलीच नव्हती, 'बरे होणे' मोजले होते. तोच रुग्ण बरा होऊन गेला, पुन्हा आजारी पडून आला, पुन्हा बरा झाला, की प्रत्येक वेळी अंशात एकाची भर! शिवाय भागायचे कशाने? दहा दाखल झाले, चौघांना घरी सोडले, त्यांतले तिघे बरे, तर निकाल ७५ टक्के की ३०? वर्गात हे गणित जरूर घालून पाहावे.

अर्ल यांचा हिशेब चोख होता. पण त्यातून 'हा आजार बरा होतच नाही' या समजुतीला बळ मिळाले आणि उपचारांपेक्षा रुग्णांना स्वस्तात कोंडून ठेवण्याकडे कल वाढला. पुढे वूस्टर रुग्णालयाच्या डॉ. पार्क यांनी बऱ्या होऊन गेलेल्या जुन्या रुग्णांचा माग काढला. ज्यांचा पत्ता लागला, त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांना आजार पुन्हा झालाच नव्हता. रुग्ण घरी गेल्यावर काय झाले, हे विचारायला इतकी वर्षे लागली.

या साऱ्या वादात छेदात होता तो रुग्णालयाच्या दारातून आत आलेला माणूस. जो आलाच नाही, त्याचे काय? आपल्याकडे राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला. पण बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने बारा राज्यांत घरोघरी जाऊन पाहणी केली ती २०१५-१६ मध्ये. तेव्हा दिसले की आजारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळतच नव्हते. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता.