बेटावरची माती आणि काळजातली जाळी

परवा गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "मालकांना स्प्रिंग बसवली, ती औषधाची आहे म्हणतात. धातूच्या जाळीला औषध कसलं?" उत्तर जरा लांबून येतं.

हृदयाची रक्तवाहिनी तुंबली की पूर्वी छाती उघडून बायपास करत. १९७७ साली स्वित्झर्लंडमधल्या झुरिकला डॉ. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी बारीक नळीच्या टोकाचा फुगा आत नेऊन फुगवला आणि वाट मोकळी केली. हे फुगे त्यांनी घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बनवले होते, मारिया श्लुम्फ या सहायक बाईंच्या मदतीनं.

पण मोकळी केलेली वाहिनी पुन्हा आकसायची. म्हणून १९८६ पासून आत धातूची जाळी ठेवू लागले. तोच स्टेंट. तरी जखम भरताना मांस वाढावं तशा जाळीच्या आत पेशी वाढत आणि दहातल्या दोन-तीन जणांची वाहिनी पुन्हा अरुंद होई.

ही वाढ रोखणारं औषध मिळालं मातीतून. १९६४ साली कॅनडाचं एक पथक प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर गेलं होतं, त्यांनी तिथली माती आणली. तिच्यातल्या जंतूंपासून माँट्रियलच्या प्रयोगशाळेत सुरेंद्रनाथ सेहगल यांनी एक द्रव्य वेगळं काढलं. सेहगल जन्मले फाळणीपूर्वीच्या पंजाबात. बेटाला तिथले लोक रापा नुई म्हणतात, म्हणून औषध रापामायसिन. पुढे प्रयोगशाळा बंद झाली, काम गुंडाळलं गेलं. सेहगलांनी जंतूंच्या बाटल्या घरी आणून फ्रीझरमध्ये आइस्क्रीमशेजारी ठेवल्या, वर लिहिलं 'खाऊ नका'. त्या घरच्या बाईचं मला कौतुक वाटतं. मी तर बाटल्या उकिरड्यावर टाकल्या असत्या.

हे औषध आधी मूत्रपिंड बदललेल्यांसाठी आलं. मग १९९९ च्या डिसेंबरात ब्राझीलच्या साओ पावलो शहरात डॉ. एदुआर्दो सोझा यांनी ते लावलेला स्टेंट पहिल्यांदा माणसाला बसवला. आतली वाढ जवळजवळ थांबली.

त्यातूनच नवी काळजी आली. औषधामुळे जाळीवर अस्तरही उशिरा धरतं आणि उघड्या धातूवर रक्ताची गुठळी होऊ शकते. म्हणून तर गुठळी होऊ न देणाऱ्या दोन गोळ्या देतात. उपवास आहे, बरं वाटतंय, पाकीट संपलं, असं म्हणून त्या मनानं बंद केल्या तर जाळी अचानक बंद पडू शकते. डॉक्टर थांबवतील तेव्हाच थांबायचं.

आता पैशाचं. आपल्याकडे औषधी स्टेंटची छापील किंमत लाखाच्या वर असे. वकील बीरेंद्र सांगवान यांनी दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. १४ फेब्रुवारी २०१७ पासून सरकारनं कमाल किंमत बांधली: औषधी स्टेंटला २९,६०० रुपये, साध्याला ७,२६०, वर कर. हे आकडे नंतर बदलत गेले. बिलात स्टेंटची किंमत, कंपनी आणि बॅच क्रमांक वेगळा दाखवणंही सक्तीचं झालं.

त्या ताईंनी पुढच्या बैठकीला बिल आणलं. स्टेंटची ओळ वेगळी होती, किंमतही हद्दीतली. बाकीच्या ओळींची बेरीज मात्र तिच्या चौपट निघाली. त्यांची बोरमाळ अजून सोनाराकडेच आहे.