शेतातला मुक्काम : पळशीवाडीचा प्रयोग आणि गावची लोककला

सुटी म्हटली की पुणेकरांची पावले घाटाकडे वळतात. लोणावळा, महाबळेश्वर, भंडारदरा ही नावे त्यांच्या तोंडपाठ आहेत. बारामती आणि इंदापूर तालुक्यांकडे मात्र कोणी विश्रांतीसाठी जात नसे. इथे ना धुके, ना धबधबे. उन्हाळ्यात तर जिवाची काहिली होते. असे असूनही बारामती तालुक्यातील पळशीवाडी येथे २००५ मध्ये २८ एकर शेतावर पाहुण्यांसाठी राहण्याची सोय उभी राहिली आणि महाराष्ट्रात 'कृषी पर्यटन' हा शब्द रूढ झाला. मुक्काम, मनोरंजन आणि गावची लोककला यांचा एकत्र मेळ हे या प्रयोगाचे वैशिष्ट्य.

कल्पनेचे मूळ

शेतकऱ्याच्या घरी सशुल्क पाहुणचार ही कल्पना युरोपात जुनी आहे. इटलीने १९८५ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. शेती हाच मुख्य व्यवसाय राहावा आणि पाहुणचार हा त्याला जोड असावा, असे त्याचे सूत्र होते. पर्यटन व्यवसायाचा अनुभव असलेले पांडुरंग तावरे यांनी कृषी पर्यटन विकास संस्थेमार्फत ही कल्पना आपल्या बारामती तालुक्यात आणली. पळशीवाडी हे तिचे पहिले केंद्र. पुढे राज्यातील अनेक शेतकऱ्यांनी हा मार्ग धरला.

जिरायत भागाची निकड

बारामती म्हणजे ऊस आणि साखर कारखाने, असा शहरी वाचकाचा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. नीरा डाव्या कालव्याचे पाणी जिथे पोचते तिथे ऊस उभा आहे. उरलेला जिरायत भाग पावसाच्या भरवशावर बाजरी आणि ज्वारी घेतो. पाऊस हुकला की वर्ष हुकते. अशा ठिकाणी पाहुण्यांकडून मिळणारा पैसा हा पिकाला आणि दुधाला मिळालेला तिसरा आधार ठरतो. शिवाय भाजी, धान्य, गूळ शेताच्या बांधावरच विकला जातो आणि घरच्या स्त्रियांच्या हातच्या स्वयंपाकाला मोल येते.

या पाहुणचाराचा खरा हंगाम हुरड्याचा, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी. गूळभेंडीसारख्या ज्वारीची कोवळी कणसे गोवऱ्यांच्या आगटीत भाजून, हातावर चोळून, चटणी आणि गुळासोबत खाल्ली जातात. शिवारफेरी, बैलगाडी, धारा काढणे, विटीदांडू, सूरपारंब्या असा दिवस जातो. जेवणात पिठले, भाकरी आणि ठेचा असतो.

संध्याकाळचा कार्यक्रम

दिवेलागणीनंतर अशा केंद्रांत लोककलेला सुरुवात होते. या पट्ट्याचे त्याबाबतीतले धन मोठे आहे. ढोलाच्या ठेक्यावर रंगीत रुमाल उडवीत चालणारे धनगरांचे गजी नृत्य, बिरोबाची कथा सांगणारी धनगरी ओवी, जेजुरी जवळ असल्याने वाघ्या-मुरळीचे जागरण आणि वारीच्या वाटेवरची भजने-भारुडे हे सारे इथलेच. संत तुकाराम महाराजांची पालखी याच दोन तालुक्यांतून जाते. काटेवाडीत धनगर बांधव पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण घालतात, तर बेलवाडीत गोल रिंगण होते. गुंथर सोंथायमर या जर्मन अभ्यासकाने आयुष्याचा मोठा काळ महाराष्ट्रातील धनगरांच्या ओव्या आणि दैवतांच्या अभ्यासात घालवला, यावरून या परंपरेची खोली ध्यानात यावी.

इथेच खरा प्रश्न उभा राहतो. धनगरी ओवी गाण्यातून कथेत आणि कथेतून पुन्हा गाण्यात जात रात्रभर चालते. जागरण हा एखाद्या कुटुंबाचा कुलाचार असतो. पाहुण्याला मात्र जेवणापूर्वीचा तासभरच मोकळा असतो. तेवढ्यात बसवलेली कला हळूहळू नुसती वानगी होऊन राहते. दुसऱ्या बाजूला, यात्रा आणि कुलाचारांपलीकडे कलावंताला बिदागी मिळण्याची ठिकाणे फार थोडी आहेत. म्हणूनच कोणत्याही केंद्राचे मोल ठरवताना कलावंत कुठले आणि त्यांना काय मिळते, हे पाहणे अगत्याचे आहे. गावातलेच पथक, ठरलेली बिदागी आणि कथा पुरी होईल एवढा वेळ या तीन गोष्टी असल्या तर पाहुणाही समाधानी होतो आणि पथकातली तरुण पोरेही टिकतात. पोहण्याचा तलाव आणि कर्कश ध्वनिवर्धक एवढ्यावरच भागवणाऱ्या ठिकाणी नाव कृषी पर्यटनाचे आणि कारभार रिसॉर्टचा, अशी गत होते.

डोंगरात हाच विचार निराळ्या रीतीने रुजला आहे. अकोले तालुक्यातील पुरुषवाडी या सह्याद्रीतील गावात वेगळे अतिथिगृह न बांधता गावकऱ्यांच्या घरीच पाहुण्यांची सोय होते. पावसाळ्याच्या तोंडावर काजवे पाहण्यासाठी तेथे शहरी मंडळी जातात.

शासनाचे धोरण

पळशीवाडीच्या प्रयोगानंतर पंधरा वर्षांनी, सप्टेंबर २०२० मध्ये, राज्य मंत्रिमंडळाने कृषी पर्यटन धोरणाला मान्यता दिली. वैयक्तिक शेतकऱ्यांसह कृषी सहकारी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांनाही केंद्र सुरू करता येते. किमान एक एकर शेती आवश्यक असून नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. नोंदणीमुळे बँकेचे कर्ज मिळवणे सुकर होते. त्यामुळे इंदापूर तालुक्यातील वरकुट्यासारख्या गावातील लहान शेतकऱ्यालाही हा जोडधंदा आवाक्यातला झाला आहे.

जाण्यापूर्वी

पळशीवाडी पुण्यापासून सुमारे ७० किलोमीटरवर आहे. कोणत्याही कृषी पर्यटन केंद्रात जायचे असेल तर आधी दूरध्वनीवरून चार गोष्टी विचाराव्यात : केंद्राची नोंदणी आहे का, सध्या शेतात कोणते पीक उभे आहे, भोजन घरचे आहे की बाहेरून येते, आणि संध्याकाळी कोणते पथक येणार आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर गावाच्या आणि पथकाच्या नावानिशी मिळाले, तर त्या ठिकाणी एक रात्र अवश्य काढावी.