सांचीचे दानलेख, भोगवर्धन आणि शीर्षकाची किंमत

१/ जालना जिल्ह्यातील भोकरदनचे प्राचीन नाव भोगवर्धन. शेकडो किलोमीटर दूर असलेल्या सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत या नगरीच्या रहिवाशांची नोंद आहे. सुमारे दोन हजार वर्षांनी ती वाचता आली, यात त्या लेखांच्या ठरीव मांडणीचा मोठा वाटा आहे.

२/ दानलेख जेमतेम एका ओळीचे. बहुधा गावाचे नाव, दात्याचे नाव आणि शेवटी ‘दानं’. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांच्यासमोर सांचीचे ठसे आले, तेव्हा ब्राह्मी लिपी अज्ञात होती. मात्र बहुतेक ओळींच्या अखेरीस तीच दोन अक्षरे दिसत होती. ती ‘दानं’ असावीत, हा त्यांचा तर्क खरा ठरला आणि लिपी उलगडत गेली.

३/ १८७३ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम यांना मध्य भारतात भारहुतचा स्तूप आढळला. तेथे अनेक शिल्पांवर प्रसंगाचे नावच कोरलेले होते. ‘मिग जातक’ एवढे दोन शब्द वाचले की हरणाची कथा ओळखू येते.

४/ सांचीच्या शिल्पपटांवर अशी नावे नाहीत. तेथील प्रसंग ओळखताना अभ्यासकांना भारहुतच्या नामांकित शिल्पांचा आधार घ्यावा लागला. कला दोन्हीकडे थोर. शोधणाऱ्याची वाट मात्र भारहुतने सोपी केली.

५/ १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी भोकरदन येथे उत्खनन केले. त्यात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा अवशेष मिळाला. इटलीतील पॉम्पेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी त्याचे लक्षणीय साम्य आहे.

६/ हाच नाव देण्याचा प्रश्न १९९१ मध्ये नव्या माध्यमापुढे आला. टिम बर्नर्स-ली यांनी संकेतस्थळांसाठी केलेल्या एचटीएमएल या खुणांच्या भाषेत शीर्षकांच्या सहा पातळ्या होत्या: एच-वन ते एच-सिक्स. गुगलसारखी शोधयंत्रे या खुणांवरून पानाचा विषय आणि त्याचे विभाग समजून घेतात.

७/ वापराची रीत साधी आहे. एच-वन म्हणजे ग्रंथाचे नाव. ते पानावर एकच असावे. एच-टू म्हणजे प्रकरण, एच-थ्री म्हणजे पोटप्रकरण. केवळ अक्षर मोठे दिसावे म्हणून ही खूण वापरू नये. तेच शब्द शीर्षकात कोंबल्यानेही लाभ होत नाही. खाली जे आहे, तेच वर लिहावे.

८/ गावोगावच्या इतिहासाची अनेक पाने येथेच हरवतात. ‘प्रस्तावना’, ‘थोडक्यात माहिती’ अशा शीर्षकांखाली कोणते गाव आहे, हे कळत नाही. शीर्षक नुसते चित्रात रंगवले, तर शोधयंत्राला वाचण्यासाठी अक्षरेच उरत नाहीत.

९/ भोकरदनवरील पानाला ‘भोकरदन: सातवाहनकालीन भोगवर्धन’ हे एच-वन शोभेल. त्याखाली ‘सांचीच्या दानलेखांतील भोगवर्धन’, ‘१९७३ चे उत्खनन’, ‘हस्तिदंती मूर्ती आणि पॉम्पेई’ ही एच-टू. आजच्या नावाने शोधणारा विद्यार्थी आणि प्राचीन नावाने शोधणारा संशोधक, दोघेही एकाच पानावर पोहोचू शकतील.

१०/ सांचीच्या दात्याने आपल्या नावाबरोबर गावाचेही नाव कोरवले, म्हणून भोगवर्धनाचा माग लागला. आज गावाचा इतिहास संगणकावर लिहिणाऱ्यानेही तेवढे करावे: गावाचे नाव शीर्षकातच लिहावे.