धाप आणि मांडीचे बळ

दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातल्या वाड्या, तांडे रिकामे होऊ लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. असे कोयते मुकादमाची उचल घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. ऊस तोडायचा, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायची. पोट असे अंगबळावर चालते, तिथे छातीच्या जुन्या आजाराचा विचार फुप्फुसांपाशी थांबवून चालत नाही. श्वसनविकार आणि स्नायूंचे बळ यांच्या अभ्यासक्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाचे स्वागत करताना हेच आधी सांगायचे आहे.

विडी, चुलीत जळणाऱ्या पऱ्हाट्या-तुराट्यांचा धूर, बरा होऊनही फुप्फुसात व्रण ठेवून गेलेला क्षय: दीर्घकालीन श्वसनविकाराची ही आपल्याकडची ओळखीची कारणे. फुंकून केलेल्या तपासणीत दोन रुग्णांचे आकडे सारखे येतात, तरी एक जण बाजार करून येतो आणि दुसऱ्याला अंगणातच बसावे लागते. या फरकाचे एक मोठे कारण मांडीत असते. दम लागतो म्हणून माणूस हालचाल कमी करतो. वापराविना स्नायू झिजतात. त्यात अपुरा आहार, शरीरातला दाह, वारंवार घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या यांची भर पडते. दीर्घकाळ काम करणारे स्नायुतंतू घटतात, थोड्या श्रमातही लॅक्टिक आम्ल साचते आणि धाप आणखी वाढते. ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या रुग्णांवरील 2010 च्या अभ्यासात सुमारे एक तृतीयांश जणांच्या मांडीचे स्नायू दुबळे आढळले. त्यांत सौम्य आजाराचे रुग्णही होते.

आशेची बाजूही इथेच आहे. खराब झालेले फुप्फुस पूर्ववत होत नाही, स्नायूला मात्र बळ येते. श्वसन-पुनर्वसनावरच्या, म्हणजे व्यायामावर आधारलेल्या उपचारावरच्या, 2015 च्या कॉक्रेन आढाव्यात 65 चाचण्या आणि 3,822 रुग्ण होते. व्यायाम घेणाऱ्यांचे सहा मिनिटांत चाललेले अंतर सरासरी 40 मीटरहून अधिक वाढले. हे अंतर मोजायला अवजड यंत्रे लागत नाहीत. 30 मीटरचा सपाट व्हरांडा, घड्याळ आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर पुरतो. जागा नसेल तर मिनिटभरात खुर्चीवरून किती वेळा उठता येते, ते मोजावे. इन्हेलर आणि पोटभर प्रथिने यांची जागा मात्र व्यायाम घेऊ शकत नाही.

पुढचे प्रश्न इथल्या मातीतले आहेत. पुनर्वसनाला सहा ते बारा आठवडे सलग लागतात. हंगामात गाव सोडणाऱ्याला ते कुठे द्यायचे? मोळी उचलणाऱ्या हातांची ताकद कशी मोजायची? मजुरीने थकलेल्या बाईला व्यायाम सांगताना तिच्या ताटात काय आहे, हे कोण विचारणार? अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यापासून उपकेंद्रातल्या परिचारिकेपर्यंत प्रत्येकाला या प्रश्नांवर काम करता येईल. स्टेथोस्कोप छातीला लावाच. त्यानंतर रुग्णाला खुर्चीवरून उठायला सांगा आणि मोजायला सुरुवात करा.