स्टेअरिंगखाली खटखट? शाफ्टही तपासा

गाडी खड्ड्यात गेली की स्टेअरिंगखाली खटखट होते. बरेच जण टायरॉड एंड बदलून मोकळे होतात, आवाज मात्र तसाच. दोष कधी कधी स्टेअरिंगच्या शाफ्टमध्ये असतो. हा दांडा स्टेअरिंगचं वळण खाली चाकांच्या रॅकपर्यंत नेतो. त्यातल्या वाकत्या जोडाला गॅरेजवाले क्रॉस म्हणतात. चिखल-पाणी शिरलं की तो गंजतो. मग स्टेअरिंग वळताना मधेच जड लागतं.

तपासायला दोन माणसं हवीत. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद, पण चावी फिरवून स्टेअरिंगचं लॉक उघडलेलं. एकाने स्टेअरिंग थोडंसंच डावी-उजवीकडे हलवायचं. दुसऱ्याने मोबाइलच्या उजेडात पेडलांजवळचा जोड हात लावून बघायचा. वरची बाजू हलली आणि खालची उशिरा हलली, तर क्रॉस झिजला. क्रॉस ठीक असून दांडाच जोडात हलत असेल, तर बोल्ट ढिला किंवा दाते झिजलेले. चीर, गंज, फाटलेलं रबरही बघावं.

वेल्डिंग मारून चालवायचा हा पार्ट नव्हे. दांडा निसटला तर स्टेअरिंग नुसतंच फिरतं, चाकं वळत नाहीत. एअरबॅगच्या गाडीत शाफ्ट सोडवण्याआधी स्टेअरिंग सरळ बांधायला लावावं. ते गरगर फिरलं तर आतली वायरची गुंडाळी तुटते आणि तो खर्च वेगळाच.