'लिनक्स'चा १ होतो तेव्हा

नागपूर विमानतळालगतच्या मिहानचे पूर्ण नाव सहसा कुणी घेत नाही : मल्टिमोडल इंटरनॅशनल कार्गो हब अँड एअरपोर्ट अ‍ॅट नागपूर. सरकारी कागदावर ते लागते, ऑटोवाल्याला पत्ता सांगताना लागत नाही. लघुनाम कुठे उलगडायचे हे माणसाला कळते. सी भाषेच्या प्रीप्रोसेसरला कळत नाही. मॅक्रो म्हणून नोंदलेला शब्द सुटा दिसला की त्याजागी तो ठरलेला मजकूर बसवतो. अवतरणचिन्हांतला मजकूर तेवढा वाचतो.

हा प्रीप्रोसेसर १९७३ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये अ‍ॅलन स्नायडर यांच्या आग्रहावरून आला. सुरुवातीला त्याला फाइल जोडणे आणि साधी शब्दबदली एवढेच जमे. पुढे माइक लेस्क व जॉन रायझर यांनी तो वाढवला. यंत्रागणिक कोडचा काही भाग बदलावा लागे. म्हणून कंपायलर 'युनिक्स', 'व्हॅक्स', 'सन' अशी नावे आपणच १ या किमतीने नोंदवून ठेवू लागले. लहान अक्षरांतली, रोजच्या वापरातली नावे! दुर्बोध सी प्रोग्रामांच्या १९८७ च्या स्पर्धेत डेव्हिड कॉर्न यांनी याचीच गंमत केली : त्यांच्या एका ओळीच्या प्रोग्रामात 'युनिक्स' कुठेही जाहीर केलेला नाही, तरी तो चालतो, कारण तो १ आहे.

१९८९ च्या आन्सी मानकाने कंपायलरच्या नावांसाठी अंडरस्कोअरने सुरू होणारी नावे राखून ठेवली. जुनी नावे मात्र गेली नाहीत. लिनक्सवर जीसीसी हा कंपायलर आपल्या नेहमीच्या 'जीएनयू' धाटणीत आजही 'लिनक्स' म्हणजे १ असेच धरतो.

सीच्या कोडमध्ये त्या नावाचा चल घेतला तर निदान चूक दाखवली जाते. खरी पंचाईत सी नसलेला मजकूर प्रीप्रोसेसरमधून गाळताना होते, कारण तिथे तक्रार करणारे कुणी नसते. मेकफाइल बनवणाऱ्या आयमेक या साधनाच्या फायलींत '/यूएसआर/एसआरसी/लिनक्स' या मार्गाचा शेवट १ व्हायचा. लिनक्स कर्नेलच्या डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे हार्डवेअरचे वर्णन करणाऱ्या फायलींत, बटणाचा कोड 'लिनक्स,कोड' या गुणधर्मात लिहितात. स्वल्पविरामाने शब्द सुटा होतो आणि हाती '१,कोड' येते.

निदान सोपे आहे. रिकामी फाइल '-डीएम -ई' हे पर्याय लावून दिली की आधीच नोंदलेल्या मॅक्रोंची काही शे ओळींची यादी समोर येते. एकच नाव नको असेल तर '-यू' पुरते; '-एसटीडी=सी९९' सारखी काटेकोर धाटणी निवडली तर साधी नावे सगळीच जातात. कर्नेल डिव्हाइस ट्रीसाठी '-अनडेफ' वापरते. त्यानंतरही फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांक देणारे मानक मॅक्रो उलगडतच राहतात.