बरकत : एक शब्द आणि एक कटोरा

चाकणचा मध्ययुगीन इतिहास म्हटला की 1660 सालचा वेढा आठवतो. फिरंगोजी नरसाळ्याने जवळजवळ दोन महिने लढवलेला किल्ला अखेर शाइस्ताखानाने घेतला आणि त्याचे नाव इस्लामाबाद ठेवले. ते नाव टिकले नाही. मात्र याच परिसरात इस्लामी परंपरेतला एक शब्द असा रुजला की त्याचे परकेपण कोणाच्या ध्यानातही राहिले नाही. तो शब्द म्हणजे 'बरकत'. 'धंद्याला बरकत आली', 'पैशाला बरकत नाही' असे म्हणणारा मराठी माणूस एक धर्मशास्त्रीय संकल्पनाच उच्चारीत असतो.

या शब्दाच्या धातूचा संबंध अरबी कोशकार उंटाच्या बसण्याशी आणि पाणी साठून राहणाऱ्या तळ्याशी जोडतात. बरकत म्हणजे नुसती वाढ नव्हे. आलेले चांगले टिकून राहणे, थोडे असूनही पुरून उरणे. तिच्याच जोडीचा शब्द 'रिज्क', म्हणजे ईश्वराने नेमून दिलेली उपजीविका. रिज्क मिळते, बरकत त्यात उतरते. हा भेद लक्षात घेतला नाही तर उपजीविकेसाठी केलेली दुवा ही केवळ धनलोभाची प्रार्थना वाटू लागते.

इस्लामी आचारात रिज्क मागण्याच्या वाटा अनेक आहेत आणि त्या एकमेकींना आवर घालतात. कुराणातील बासष्टाव्या सूरेत शुक्रवारची नमाज आटोपल्यावर भूमीवर पांगून ईश्वराची कृपा शोधण्याची आज्ञा आहे; म्हणजे प्रार्थनेनंतर काम येते, प्रार्थना कामाची जागा घेत नाही. दुसऱ्या सूरेत दानाला दाण्याची उपमा दिली आहे: एका दाण्याला सात कणसे, प्रत्येक कणसात शंभर दाणे. साठवलेल्या संपत्तीवर अडीच टक्के जकात, पावसावर पिकलेल्या धान्याचा दशांश आणि कष्टाने पाणी दिलेल्या पिकाचा विसावा हिस्सा अशी शास्त्रकारांची मोजदाद आहे. नातेसंबंध जपल्याने रिज्क वाढते, असे हदीस सांगते. अमुक जप इतक्या वेळा केला की पैसा येतो, ही समजूत लोकाचारात आहेच. तिच्यावर आणि दर्ग्यापाशी मागण्यावर मुसलमान सुधारकांनी कठोर आक्षेपही घेतले आहेत. मागावे कोणाकडे, हा वाद त्या परंपरेच्या आतलाच आहे.

या कल्पनेला राज्यव्यवहारातही रूप मिळाले होते. मोगलांच्या 'मदद-इ-मआश' या जमीनदानाचा अर्थच उपजीविकेस साहाय्य. ते घेणाऱ्याने राज्याच्या स्थैर्यासाठी दुवा करावी, अशी अपेक्षा असे. 1659 च्या बनारस फर्मानात औरंगजेब तेथील ब्राह्मणांकडूनही हीच अपेक्षा करतो. उपजीविका वरून खाली येते आणि प्रार्थना खालून वर जाते, असा हा देवघेवीचा व्यवहार होता.

याच्या अगदी उलट बाजूने तोच प्रश्न मांडणारी कथा देहूची आहे. अनगडशहा नावाचा फकीर कटोरा घेऊन दारोदार फिरतो. कितीही घातले तरी तो कटोरा भरत नाही. तुकोबांच्या दारी त्यांची लहान मुलगी चिमूटभर पीठ घालते आणि कटोरा भरून जातो. अनगडशहाचे आख्यान महिपतीने सांगितले आहे. त्याचा 'भक्तलीलामृत' हा ग्रंथ 1774 चा, म्हणजे तुकोबांनंतर सव्वाशे वर्षांचा; तेव्हा ही घटना जशीच्या तशी इतिहास म्हणून स्वीकारता येत नाही. परंतु कथा ज्या भूमीत रुजली तिचा इतिहास पक्का आहे. 1630 ते 1632 चा दुष्काळ दख्खनने भोगला होता. तुकोबा वाण्याच्या धंद्यातले. त्या दुष्काळात त्यांचे दिवाळे निघाले, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, पुढे त्यांनी कर्जखतांचा आपला हिस्सा इंद्रायणीत बुडवला. मापाने धान्य मोजणाऱ्या घरात माप हरते आणि चिमूट पुरते, हे या कथेचे मर्म आहे. फकीर ज्याच्या शोधात आहे ती बरकतच होय. कथेत तो शब्द येवो वा न येवो.

आपल्याकडे या कथेचे वाचन दोन प्रकारे होते. एक तर तिला चमत्कार म्हणून बाजूला सारले जाते, किंवा हिंदु-मुस्लिम ऐक्याचे उदाहरण म्हणून गौरवले जाते. दोन्ही वाचनांत फकिराचा प्रश्न हरवतो. मोठ्या घरांच्या देण्याने न भरलेला कटोरा मुलीच्या हाताने का भरला? इस्लामी नीतिविचार आणि वारकरी विचार या ठिकाणी एकाच उत्तरापाशी येतात: देणाऱ्याने मागे काय ठेवले, यावर दानाचे माप ठरते. हे साम्य कोणी कोणाकडून घेतले हे ठरवण्यापेक्षा, एका भुकेल्या प्रदेशाला दोन्ही भाषांत तेच बोलावेसे वाटले, हे अधिक महत्त्वाचे आहे.

दरवर्षी तुकोबांची पालखी देहू सोडताना अनगडशहांच्या दर्ग्यापाशी थांबते. तेथे अभंग-आरती होते आणि मग पालखी आकुर्डीच्या मुक्कामाला जाते. या वाटेभोवतीचा मुलूख आता शेतीचा राहिलेला नाही. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात आकुर्डी-पिंपरीत वाहनांचे कारखाने उभे राहिले, 1999 मध्ये बजाजचा आणि 2009 मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला सुरू झाला. मराठवाड्यातून, उत्तर प्रदेशातून, बिहारमधून आलेला कामगार येथे रिज्क शोधतो. त्याच्या रोजगाराला कंत्राटाची मुदत असते, आणि म्हणूनच 'टिकून राहणे' हा बरकतीचा मूळ अर्थ त्याला आपल्यापेक्षा अधिक नेमका कळत असावा.

वर्गात अनगडशहाचे आख्यान शिकवताना हा अर्थ सांगितला पाहिजे. तुकोबांच्या काळी येथे धान्य कमी होते; आज उत्पादन प्रचंड आहे. तरीही कटोरा भरतो की नाही हे उत्पादनाच्या आकड्यावरून ठरत नाही. ते वाट्याला काय येते, घरात काय उरते आणि दारी आलेल्याला काय दिले जाते, यावरून ठरते.